प्रेमराज नाना आणि सोनेरी टोपीचा फ्यूज

आमच्या गल्लीत कुणाची लाईट गेली की लोक आजही आधी प्रेमराज नानांच्या दारात येतात. नानांना वीज मंडळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता गुडघे कुरकुरतात. खांबाचं तर सोडाच, ते स्टुलावर चढले तरी मी खाली स्टूल धरून उभी राहते. पण लोकांना ते पटत नाही. "नाना, लाईट गई," म्हणत येतात आणि असे उभे राहतात, जसं काही नानांनीच ती खिशात घालून नेली.

नाना माझे धाकटे दीर. दोंडाईच्यात आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून आहेत आणि पुढचं अंगण एकच. मी तिसरीतच शाळा सुटलेली बाई. वीज म्हणजे बटण दाबलं की येते आणि बिल नाही भरलं की जाते, एवढंच मला कळायचं. पण वायरमनच्या शेजारी उभा जन्म गेला, त्यामुळे फ्यूज म्हणजे काय ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

"वहिनी, फ्यूज म्हणजे घरातला सगळ्यात गरीब गडी," नाना सांगायचे. "वरून जास्तीचा लोड आला का आधी त्यानं मरायचं. मग बाकीचे वाचतात. याच्याशिवाय दुसरं काम त्याले नही."

नोकरीतलं निम्मं भांडण नानांनी या गरीब गड्यासाठी केलं. आमच्याकडची खेडी मिरचीची. उन्हाळा तापला की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि डीपीतला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला, फ्यूज उडायचा. सारखं वायरमनला बोलवायचं कोणी? मग कुणीतरी हुशार माणूस त्या जागी जाड तार पिळून ठेवायचा. वर नानांनाच कौतुकानं सांगायचा, "नाना, फ्यूज मजबूत करी टाका."

सुपडू नावाच्या एकानं तर सायकलच्या ब्रेकची तार टाकली. फ्यूज कसला उडतो? अख्खी डीपीच जळाली, आणि भर उन्हाळ्यात शिवार कोरडं पडलं. गाव सुपडूच्या अंगावर धावून गेलं. नाना मध्ये पडले, म्हणाले, "मारू नका. याले मी घेऊन जातो." नवी डीपी येईपर्यंत सुपडूला सायकलच्या कॅरिअरवर बसवून गावोगाव हिंडवलं. आधी लाईन बंद करायची, मग जिथं जिथं जाड तार सापडेल तिथं ती सुपडूच्याच हातानं काढायची. शेवटी असं झालं की जाड तार दिसली की नानांच्या आधी सुपडूच शिव्या द्यायचा.

नानांची बायको रूपा. माझी जाऊ, पण बहिणीसारखी. वादळवाऱ्यात नाना लाईनीवर गेले की ती ओट्यावर येऊन बसायची. तेव्हा मोबाईल कुठले. गल्लीतले दिवे लागले की ती उठायची, "चला, उतरले खांबावरून," म्हणायची आणि भाकरी थापायला घ्यायची. दिवे उशिरा लागले तर पीठ तसंच परातीत. ती बोलून दाखवायची नाही, पण गल्लीत उजेड पडला की इतर बायकांना उजेड दिसायचा आणि रूपाला नवरा.

ती गेली, त्याला आता काही वर्षं झाली. नाना रडले नाहीत फार. जेवण एकट्यानं करायला शिकले, म्हणजे आमच्याकडे येऊन जेवायला शिकले. आमचे आबा, म्हणजे माझे यजमान, आणि नाना, दोघे भाऊ समोरासमोर ताटं घेऊन बसतात आणि एकमेकांशी न बोलता जेवतात. दोघांना ते फार आवडतं.

पण दर रविवारी सकाळी नानांच्या घरातून गाणं ऐकू यायचं.

ते असं. ललित, म्हणजे नानांचा मुलगा, लहान होता तेव्हा नानांनी हाशमभाईंकडून टेपरेकॉर्डर आणला होता. स्टेशनाकडच्या रस्त्याला हाशमभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता. गल्लीतल्या माहेरी आलेल्या पोरी आणि आम्ही सासुरवाशिणी, सगळ्यांनी मिळून आखाजीची गाणी म्हटली, आणि नानांनी टेप ओट्यावर ठेवून ती भरून घेतली. पुढे रूपा म्हणायची आणि मागे आम्ही ओढायचो. तिचा आवाज जाडसर होता, वाळूतून चालल्यासारखा. गोड नव्हता, पण गल्लीच्या टोकाला कळायचं की रूपा बोलते आहे.

तीच एक कॅसेट. दुसरीकडे कुठे तिचा आवाज नाही. फोटो आहेत, पण फोटोत ती पदर सावरून अशी बघते की ओळखू येत नाही.

निवृत्त झाल्यावर नानांनी हाशमभाईंच्याच सल्ल्यानं चांगला टेप, अँप्लिफायर आणि कणगीएवढे दोन स्पीकर घेतले होते. रूपा त्यांच्यावर कुरडया वाळवायची. ती गेल्यावर नाना त्यांच्यासमोर बसायला लागले. आणि मग गेल्या वर्षी त्या स्पीकरमधून घूं असा आवाज यायला लागला. पिंपात भुंगा सापडावा तसा. गाणं त्याच्या मागे. रूपाचा आवाज तर अगदीच दबला. हाशमभाईंनी टेपचं डोकं पुसलं, पट्टा बदलला, अँप्लिफायर उघडून आत फुंकर मारली. भुंगा काही हलला नाही.

"कॅसेट बुढ्ढी हो गई नाना," हाशमभाई म्हणाले. "आपल्यासारखी. किती बोलंल?"

नानांनी कॅसेट काढून पुसून ठेवली. संध्याकाळी जेवताना मला म्हणाले, "वहिनी, तिचा आवाज असाच व्हता का? मले आता याच्यातला ऐकू येतो आणि आठवणीतला दूर जातो. असाच ऐकत गेलो तर हाच खरा वाटाले लागंल."

आबांनी जेवताना पहिल्यांदाच मान वर केली. मी नानांच्या ताटात आमटी वाढली. दुसरं काय करणार?

ललित पुण्याला कंपनीत आहे. बापाला वीज आवडते तसा पोराला आवाज आवडतो. त्याच्या पुण्याच्या घरी स्पीकरखाली दगडाच्या लाद्या आहेत, आणि वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली लाकडी ठोकळे. आमच्या सुनेनं एकदा त्यातला एक ठोकळा गरम कढईखाली घेतला, तर घरात अबोला झाला होता. नानांनी फोनवर भुंग्याचं सांगितलं तेव्हा ललित म्हणाला, "नाना, आखाजीला येतोच आहे. तुमच्या अँप्लिफायरचा फ्यूज अपग्रेड करून टाकू."

नानांनी फोन हातात धरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं पोराला वाईट संगत लागल्याचं कळलंय.

"काय करू म्हणाला?" मी विचारलं.

"फ्यूज मजबूत करनार म्हने," नाना म्हणाले. "सुपडू शे हा. माझ्याच पोटी आला."

ललित आखाजीच्या आदल्या दिवशी सुनेला घेऊन आला. येताना एक डबी घेऊन आला, सोनाराकडे अंगठी मिळते तशी. आत मखमलीवर काचेची बोटभर नळी. तिच्यात केसासारखी तार आणि दोन्ही टोकांना सोनेरी टोप्या. परदेशातून मागवली होती. किंमत त्यानं सांगितली नाही आणि बायको समोर होती म्हणून कुणी विचारलीही नाही.

"जाड तार नाही नाना, जेवढ्याचा जुना आहे तेवढ्याचाच हा," ललित सांगू लागला. "जास्त लोड आला तर हाही उडेल. पण टोप्यांना सोन्याचा मुलामा आहे, तार शुद्ध आहे. वीज यातून स्वच्छ जाते. आवाज खुलतो. बाईचा आवाज तर समोर बसल्यासारखा येतो, लोकांनी लिहिलंय."

"आरे बाबा," नाना म्हणाले, "वीज धुळ्याकडून येते. एवढे खांब, एवढ्या तारा, ठिकठिकाणी गंजेल जोड. ते जोड म्या सोता बांधेल शेत. इथंवर ती कशीबशी पोचते, आणि शेवटच्या बोटभर जागेत आंघोळ करते?"

ललित हसला, पण त्याचा चेहरा उतरला. नानांनी ते पाहिलं. मग नळी उजेडात धरून इकडून तिकडून पाहिली. फार वेळ पाहिली. जन्मभर ज्याला फ्यूजचं एकच काम ठाऊक, तो माणूस हळूच म्हणाला, "बाईचा आवाज खुलतो म्हने?"

"हो नाना."

"लाव मग उद्या."

मी मनात म्हटलं, रूपे, बघ गं. सुपडूला ज्यानं कॅरिअरवर हिंडवलं, तो तुझ्यापायी सोन्याच्या टोपीला भुलला.

आखाजीच्या सकाळी ललितनं आंघोळ करून अँप्लिफायरच्या पाठीमागचं झाकण फिरवलं. नाना शेजारी. "आधी प्लग काढ," एवढंच बोलले. जुना फ्यूज निघाला, नवा बसला. जुना नानांनी मखमलीच्या डबीत ठेवला. म्हणाले, "त्यालेबी कधी गादी मिळू दे." लगेच टेप लावणार होते, पण मी लावू दिला नाही. घागर पुजायची होती. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांसाठी पाण्यानं भरलेली नवी घागर पुजतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, नावं घेऊन विस्तवावर घास टाकायचा, ती आगारी. त्यांचं झाल्याशिवाय आपण खायचं नाही आणि गाणं-बजावणं तर नाहीच.

खापरावरच्या पुरणपोळ्या करता करता मला घाम फुटला. पण नैवेद्य वेळेवर झाला. सासू-सासऱ्यांचं नाव घेतलं, रूपाचं घेतलं. मग घागरीचं पाणी. ते पाणी मोरीत टाकायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, झाडाच्या बुडाशी मातीत घालायचं, ही आमच्या घरची रीत. पण लिंब केव्हाच वठून गेला, आणि गेल्या उन्हाळ्यात ललितनं अंगणभर फरशा बसवून घेतल्या. पाय स्वच्छ राहतात, खरं आहे, पण घागरभर पाणी जिरवायला माती कुठे शोधायची? मी कंबरेवर घागर घेऊन अंगणात फेऱ्या मारत राहिले. शेवटी नानांच्या खिडकीखाली कोपऱ्यात परातीएवढी मातीची जागा दिसली. मध्ये एक लोखंडी पाईप वर आलेला. वेल चढवायला ठेवला असेल, पण वेल लावायचा राहून गेला असेल, असं मला वाटलं. माती भेगाळलेली. रूपाचं नाव घेऊन घागर तिथं रिती केली. मातीनं पाणी असं ओढलं की घोट घेतल्याचा आवाज आला.

जेवणं झाली, सून आवराआवरीला आमच्या घरात थांबली. रस खायला हाशमभाई आले. आखाजीला ते येतात आणि ईदेला आमच्याकडे शिरखुर्म्याचा डबा येतो, त्यात काही बोलायचं नसतं. आबा रस पिऊन भिंतीला टेकले आणि घोरायला लागले. मग नानांनी टेप लावला.

भुंगा गेला होता. म्हणजे अगदी गेला असं नाही, दूर शेजारच्या गल्लीत गेल्यासारखा झाला होता. झोक्याच्या दोरीचं कुरकुरणं ऐकू आलं. बांगड्या ऐकू आल्या. आणि रूपा म्हणायला लागली.

नाना पुढे वाकून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. ललित मात्र गाण्याकडे नाही, बापाकडे बघत होता.

"पडला का फरक?" गाणं संपल्यावर त्यानं विचारलं.

"पडला," नाना म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "फरक पडला रे पोरा."

ललितचा चेहरा असा झाला, जसा शाळेत बक्षीस मिळाल्यावर झाला असता. शाळेत त्याला बक्षीस मिळालं नव्हतं. हाशमभाई मात्र दाढी खाजवत होते.

"नाना, मैं इतके साल दुकानात फ्यूज बदलतो," ते म्हणाले. "माझं आजपर्यंत एक गिऱ्हाईक नाही बोललं, की हाशम, फ्यूज बदलला आणि गाणं सुधरलं. एक बार निकालके देखूं?"

"चाचा, तुम्हाला ऐकायचंच नाहीये," ललित म्हणाला.

"ऐकायचं शे ना. तू तोंड तिकडं करून ऐक, मी इकडं बदलतो. मी सांगनार नाही कोणता शे. तू सांग."

झालं, खेळच सुरू झाला. आबांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून अँप्लिफायरवर टाकलं. ते जागे झाले नाहीत. नाना, ललित आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मागे हाशमभाई प्लग काढायचे, खुडबुड करायचे, प्लग लावायचे, आणि तेच गाणं पुन्हा सुरू.

"हा सोनेरी," ललित म्हणाला.

"जुना था," हाशमभाई म्हणाले.

पुन्हा खुडबुड. ललित डोळे मिटून म्हणाला, "आता जुना लावलाय. आवाज मिटल्यासारखा झाला."

"सोनेवाला."

मग मला विचारलं. मी म्हटलं, आताचा मघापेक्षा खूप चांगला आहे, बांगड्या मोकळ्या वाजतात. हाशमभाई म्हणाले, "आक्का, या वेळेला मी काहीच बदललं नाही. नुसतं झाकण खोलून परत लावलं." मला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. पण खरं सांगते, मला त्या खेपेला चांगलं ऐकू आलं होतं. रस खाऊन पोट भरलेलं, नवं काही लावलंय म्हटलं की कान आपोआप लग्नघरात गेल्यासारखे नटतात.

नाना हसले नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मले दोन्हीत काही फरक कळेना. जुन्यातबी घूं नही, नव्यातबी नही." आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "मग ती घूं गेली कुठे?"

"जाऊ द्या ना नाना, गेली ना," मी म्हटलं.

"तसं कसं वहिनी? काहून गेली ते कळलं नही, तर काहून परत आली तेबी कळनार नही. आज गेली, उद्या येईन. मग मी काय करू?"

मघाशी जे हाती आलं होतं ते कुणीतरी परत मागायला दारात उभं असल्यासारखे ते उठले. गुडघे विसरले. पंखा बंद करून पाहिला, चालू करून पाहिला. फ्रीजचा प्लग काढला. बोर्ड उघडून आत डोकावले. ललित मागे मागे बॅटरी धरून. तो आता फ्यूजचं नाव काढत नव्हता. मग नाना बोर्डाच्या तारेमागे तारेमागे बोट फिरवत खिडकीपाशी आले, बाहेर पाहिलं आणि तिथंच थांबले.

"वहिनी, इथं पानी कोनी टाकलं?"

मला वाटलं, विजेच्या जागी पाणी घातलं, आता काय जळालं कोण जाणे. "मी," म्हटलं. "घागरीचं. कुठे मातीच नाही तर काय करू? वेलाची जागा आहे ना ती?"

नानांनी खिडकीचा गज धरला आणि हसायला लागले. आवाज न करता हसतात ते, खांदे हलतात नुसते. हाशमभाई येऊन बघून गेले आणि त्यांनीही कपाळाला हात लावला.

ती अर्थिंगची जागा होती. घर बांधलं तेव्हा नानांनी स्वतः खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून तो पाईप पुरला होता. घरातली उरलीसुरली, भरकटलेली वीज तिथून जमिनीत जाते, म्हणजे जायला हवी. पण त्याला ओल लागते. पूर्वी न्हाणीचं पाणी तिकडूनच वाहायचं, खड्डा कायम ओला. फरशा बसल्या, न्हाणीचं पाणी पाईपात गेलं, आणि खान्देशच्या उन्हानं तो खड्डा असा सुकवला की त्याला तोंड उघडता येईना. जमिनीत न गेलेली ती वीजच स्पीकरमध्ये घूं करत होती. भुंगा गेल्या वर्षीच आला होता, फरशांच्या मागोमाग.

"गावभराचे अर्थिंगचे खड्डे उन्हाळ्यात ओले करा म्हनून बोंबलत फिरलो," नाना म्हणाले. "सोताच्या घरचा पाह्यला नही. मले वाटलं, तिचाच आवाज जुना झाला."

"फरशा मीच बसवल्या," ललित म्हणाला.

"चांगल्या बसवल्या. चिखल होत व्हता," नाना म्हणाले. "आता असं कर. बादली घे. बाहेर जाऊन थोडं थोडं पानी टाक. मी इथून ऐकतो. खरंच तेच शे का, ते एकदा कळू दे."

त्यांनी टेप चालू केला, आवाज वाढवला, आणि कान स्पीकरकडे लावून खिडकीशी उभे राहिले. बाहेर ललित बादली घेऊन. भर दुपारचं ऊन, फरशीवर पाय ठेववत नव्हता, तो एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता.

"टाक," नाना म्हणाले. "अजून. थांब. पिऊ दे त्याले. टाक." आणि शेजारच्या गल्लीतला तो भुंगा आणखी लांब गेला, मग गावाबाहेर गेला. "बस," नाना म्हणाले. "बस रे पोरा. गेला."

"आक्काने पानी पिलाया, तब भाभी बोली," हाशमभाई मला म्हणाले. "प्यासी थी."

मी रसाच्या वाट्या गोळा करायला लागले. बोलले असते तर रडले असते, आणि सणाच्या दिवशी ते बरं दिसत नाही.

या सगळ्या गडबडीत टेपचं बटण कुणी दाबलं नव्हतं. दर रविवारी गाणं संपलं की नाना टेप बंद करायचे, पुढे काही नाही असं त्यांना वाटायचं, आणि गेल्या वर्षापासून तर टेप चालू राहिला असता तरी घूंमध्ये पुढचं काही ऐकू आलं नसतं. आज नाना खिडकीशी होते. गाणं संपलं, झोका कुरकुरत थांबला, पोरी कुठेतरी हसल्या, आणि मग अगदी जवळून, टेपवर वाकून बोलावं तसं, रूपा म्हणाली,

"आते बंद करा ना ते. पोऱ्या भूक्या शे. तुमले एक वस्तू हातमा भेटनी का जेवानं बी ध्यान ऱ्हास नही."

त्यावर नानांचा तरुणपणीचा आवाज, पातळ, घाईचा: "उनू, उनू." म्हणजे आलो, आलो, आणि जागचा हलायचं नाही.

"नुस्तं उनू उनू. उठा पहिले. जेवाले या."

खट्ट. टेप थांबला.

नाना खिडकीपासून वळले होते. अंगावर ऊन, तोंड अर्धं उघडं. आम्हाला वाटलं, आता हे कोसळतात. ललित बादली टाकून धावत आत आला. पण नाना खुर्चीवर नीट बसले आणि म्हणाले, "हाऊच. हाऊच आवाज तिचा."

मलाही तेव्हा कळलं. गाण्यात आम्ही सगळ्या होतो आणि गाणं म्हणताना प्रत्येक बाई आपल्या आईसारखी म्हणते. रूपा खरी कुठे होती, तर या बोलण्यात. वाळूतून चालल्यासारखी, भुकेल्या पोराची काळजी नवऱ्याच्या अंगावर टाकणारी. नाना इतकी वर्षं तिला गाण्यात शोधत बसले होते, आणि ती गाण्याच्या पुढे ताट वाढून बसली होती.

"पुन्हा लावू का नाना?" ललितनं विचारलं.

"लाव. तूबी ऐक. पोऱ्या भूक्या म्हनते ना, तो तूच व्हता."

दोघांनी ते कितीदा ऐकलं कोण जाणे. हाशमभाई आणि मी मध्येच उठून गेलो. ते दोघे बाप-लेक असे एका जागी कधी बसल्याचं मला आठवत नाही. एकाला वीज कळते, दुसऱ्याला आवाज, आणि फोनवर दोघांची गाडी "तब्येत कशी" याच्यापुढे कधी जात नव्हती. आता ललित दर रविवारी फोन करतो आणि दोघं वाद घालतात. फ्यूज कुठला ठेवायचा, यावर. ललित म्हणतो, भुंगा अर्थिंगचा होता हे मान्य, पण भुंगा गेल्यावर आता सोनेरीत किंचित जास्त मोकळं वाटतं. नाना म्हणतात, जुना लाव, मला तोच चालतो. हाशमभाईंनी दोघांना सांगून ठेवलं आहे की आत कुठला आहे ते फक्त त्यांना माहीत आहे, आणि ते सांगणार नाहीत.

मी खड्ड्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते. नाना म्हणतात, एवढं रोज लागत नाही. मी घालते.

आणि रविवारी नाना आता गाणं पुढे पळवतात. थेट बोलण्यापाशी आणतात. भिंत एकच आणि अंगण एकच, त्यामुळे आमच्याकडे सगळं ऐकू येतं. परवा मी अजून कणीक मळत होते, चूल पेटायची होती, तर आमचे आबा हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले.

"एवढ्यात काय?" मी म्हटलं.

"हाक मारली ना," आबा म्हणाले. "जेवाले या म्हने."

मी मुकाट्यानं ताट घेतलं. नानाही तेवढ्यात दारातून आत येत होते, आणि ते मात्र उनू उनू न करता लगेच बसले.